बाजारातील मुखदर्शन

पंढरीस जाणाऱ्या प्रत्येकास दोन रांगा ठाऊक असतात. एक पदस्पर्शाची, दुसरी मुखदर्शनाची. ज्यास वेळ थोडा, ज्याचे पाय थकलेले, किंवा ज्यास परतीची गाडी गाठावयाची, तो मुखदर्शनाच्या रांगेत उभा राहतो आणि दुरून का होईना, ते सावळे मुख डोळे भरून पाहून घेतो. गाभाऱ्यात छायाचित्र काढू देत नाहीत. त्याबद्दल कोणा वारकऱ्याने तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. देवाचे घर, देवाचा नियम, असे म्हणून आपण फोन खिशातच ठेवतो. मग बाहेर येतो, चपला शोधतो, आणि पहिल्याच बोळात बुक्क्याची ताटे, कुंकवाच्या राशी, टांगलेले टाळ दिसले की तोच फोन हातात येतो. तेथे बसलेल्या माणसांचे मुखदर्शन मात्र आपण रांगेवाचून, नियमावाचून आणि पुष्कळदा न विचारता घेतो.

हे योग्य की अयोग्य, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. आम्हांसही तो तसाच वाटत होता. २०२२ च्या कार्तिकीस तो क्षुल्लक राहिला नाही. ती हकिकत आधी सांगतो; कारण आमच्या बाबतीत चूक आधी झाली आणि विचार मागाहून आला.

वाचकांस आठवत असेल की २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी साथीमुळे नेहमीसारखी पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या गाडीतून पंढरीस आल्या, आणि ऐन आषाढीत पंढरपुरात संचारबंदी होती. आपली वारी चुकली म्हणून आपण सर्वांनी डोळे पुसले. पण ज्यांचे वर्षाचे पोट चार वाऱ्यांवर, त्यांतही मुख्यतः आषाढीच्या आठदहा दिवसांवर चालते, त्या माळवाल्यांनी, बुक्केवाल्यांनी, चुरमुरेवाल्यांनी ती दोन वर्षे काय खाल्ले असेल, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच मनात आले. आमच्या तरी आले नाही. २०२२ साली दिंड्या पुन्हा वाटेला लागल्या, पंढरी फुलली, आणि ही मंडळीही आपापल्या गोणपाटावर पुन्हा येऊन बसली.

त्या वर्षी आमचा पुतण्या प्रथमच आमच्याबरोबर चालत आला. पुण्यास शिकतो, कॅमेऱ्याचा नाद आहे, मुलगा गुणी आहे. दशमीच्या दिवशी तो महाद्वाराच्या बाजूच्या बोळांतून तीनचार तास फिरला आणि दुकानदारांची छायाचित्रे घेऊन आला. रात्री मठात बसून ती आम्ही पाहिली. टाळ विकणारा एक जण टाळाची जोडी कानाशी धरून नाद पारखीत आहे. चुरमुऱ्याच्या ढिगामागे एका बाईचे नुसते कपाळ आणि डोळे दिसत आहेत. गोपीचंदनाच्या वड्या मांडणाऱ्या पोराच्या नाकालाही गोपीचंदन लागले आहे. आणि एक म्हातारी तुळशीची माळ ओवते आहे. दोऱ्याचे टोक ओठांत धरलेले, नजर मण्याच्या भोकावर, आणि चेहऱ्यावर अशी काही एकाग्रता की ध्यानास बसलेल्यासही सहसा साधणार नाही.

ते छायाचित्र पाहून आम्ही हात जोडले. खरोखर जोडले. आणि तेच छायाचित्र आमच्या कार्तिकीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापले. खाली काय लिहावे, असा प्रश्न आला, तेव्हा आम्ही आमच्याच हाताने लिहिले : ‘माळ ओवणारी माउली’. अंक निघाला. वाचकांची पत्रे आली. इतके बोलके मुखपृष्ठ यापूर्वी झाले नव्हते, असे चारचौघांनी कळविले, आणि आम्ही सुखावलो.

कार्तिकीस गेलो तेव्हा त्या आजीला भेट म्हणून अंकाची एक प्रत बरोबर घेतली होती. तिची जागा शोधून काढली, पुढ्यात बसलो आणि मोठ्या प्रेमाने अंक तिच्या हाती देऊ लागलो. तिने तो घेतला नाही. बसल्या जागी गोणपाट उचलले आणि खालून घडी घातलेली एक प्रत काढली.

“ह्यो हाय माझ्याकडं,” ती म्हणाली. “तुमीच छापलाय व्हय?”

आम्ही होय म्हणालो. अजूनही आम्हांस वाटत होते की ती आता हसेल.

“महाराज, ह्या दोऱ्यापायी माझं गिऱ्हाईक गेलं.”

आम्हांस उमजेना. तेव्हा तिने सांगितले ते असे. दोऱ्याचे टोक ओले करून पिळले की मणी चटकन ओवला जातो. त्यासाठी तिच्यापाशी पाण्याची वाटी असते. त्या क्षणीही ती तेथेच, तिच्या मांडीशी पडलेली दिसत होती. दशमीला गर्दीत कुणाचा तरी पाय लागून वाटी लवंडली. पाणी आणायला उठावे तर पुढ्यात माणसे उभी. म्हणून तिने एकदा, दोनदा, टोक ओठांत धरले. तेवढ्यात आमच्या पुतण्याने ते टिपले. पुढे ते फोनवरून फिरले, मग आमच्या अंकावर आले. बायकांची एक दिंडी कार्तिकीला तिच्यापुढे थांबली, त्यांतल्या एकीच्या पिशवीत आमचा अंक होता. हीच का ती तोंडात दोरा घालून ओवणारी, असे एकमेकींत बोलणे झाले. माळ म्हणजे देवाच्या पायाला लावून गळ्यात घालायची वस्तू, आणि तिचा दोरा उष्टा! त्या बायका पुढच्या दुकानावर गेल्या. त्यांचे पाहून आणखी काही गेल्या.

“इचारलं असतं,” आजी म्हणाली, “तर म्या वाटीत पानी घेतलं असतं. मग काढला असता की फोटू.”

वाचकहो, आम्ही काय उत्तर देणार? शबरीची उष्टी बोरे रामाने खाल्ली, ही कथा आमच्या ओठांवर आली होती. कीर्तनात ती आम्ही कितीदा सांगितली असेल. पण शबरीला बोरे विकायची नव्हती. या आजीला माळा विकायच्या होत्या, आणि समोर राम नव्हता, गिऱ्हाईक होते. कथा गिळली, गप्प बसलो.

त्या रात्रीपासून आम्ही या गोष्टीचा विचार करीत आहो. प्रथम मनात आले ते हे की छायाचित्र खोटे नव्हते. दोरा ओठांत होता. कोणी पंच बसविले असते तर छायाचित्राने खरी साक्ष दिली, असेच म्हणावे लागले असते. तरीही त्या आजीविषयी ते जे सांगत होते, ते खोटे होते. चाळीस वर्षे ती पाण्याच्या वाटीत दोरा भिजवीत आली, ते कोठे दिसत नाही; एक क्षण ओठांत धरला, तेवढाच कायमचा झाला. लवंडलेली वाटी तर चौकटीबाहेर राहिली. एका क्षणाविषयी खरे असलेले मनुष्याविषयी खोटे ठरू शकते, हे आम्हांस इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी कळले नव्हते. आपण एकमेकांविषयी बोलतानाही हेच करीत असतो म्हणा. पण बोललेले हवेत विरते, आणि ऐकणाऱ्यास कळते की हे अमक्याचे बोलणे आहे. छायाचित्रात बोलणारा दिसत नाही. जणू ती आजी स्वतःच स्वतःविषयी सांगते आहे, असे भासते.

पुतण्याशी बोलणे झाले. त्यास वाईट वाटले, पण त्याने आपली बाजू सोडली नाही, आणि ती ऐकून घेण्याजोगी होती.

“काका, विचारलं की चेहरा लाकडासारखा होतो. पदर सारखा होतो, हात थांबतात. मग मी फोटो कशाचा काढू? ती माळ ओवत होती म्हणून तर तुम्ही हात जोडलेत. माझ्याकडे बघत बसली असती तर जोडले असते का?”

नसते जोडले, हे खरे. म्हणजे आम्हांस जे भावले ते तिचे आमच्याकडे लक्ष नसणे. आणि नेमके तेच आम्ही तिच्या नकळत उचलून आणले होते. दर्शन या शब्दाचा अर्थ आम्ही लोकांस सांगत आलो आहो की केवळ आपण देवास पाहणे म्हणजे दर्शन नव्हे. देवाने आपल्यास पाहणे हेही त्यात आहे. म्हणून तर मुखदर्शनाच्या रांगेतली म्हातारी माणसे टाचा उंच करतात. देवाच्या नजरेस पडावे, ही त्यांची धडपड असते. मग ज्यात एकच पाहतो आणि दुसऱ्याने पाहू नये अशी युक्ती करतो, त्यास काय म्हणावे? टेहळणी हा शब्द कठोर आहे. आमच्या पुतण्याच्या मनात तसे काही नव्हते. तरी दुसरा शब्द आम्हांस अजून सापडलेला नाही.

येथे आम्हांस पुंडलिक आठवतो. पंढरीची सारी कथाच मुळी येथून सुरू होते की काम करणाऱ्या माणसाकडे कोणी त्यास पाहावयास आले. साधासुधा नव्हे, प्रत्यक्ष वैकुंठीचा राणा. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने मागे वीट भिरकावली आणि म्हटले, थांब. आणि देव थांबला. कंटाळला नाही, ‘तुझी ही सेवा करतानाची मुद्राच मला हवी, तू वळलास की ती बिघडेल’ असे म्हणून मागल्या मागे काही घेऊन निघूनही गेला नाही. कटेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभाच आहे. पाहावयास येणाऱ्याने पाहिले जाणाऱ्याच्या सवडीने थांबावे, हा पंढरीचा पहिला कायदा. त्या विटेपासून हाकेच्या अंतरावर आपण माळवालीला अर्धा क्षण थांबत नाही.

कोणी म्हणेल, बाजार म्हणजे मोकळी जागा, तेथे कोणी कोणास पाहू नये असे थोडेच आहे? पाहू नये असे आम्ही म्हणत नाही. कायद्याचेही म्हणाल तर रस्त्यावर छायाचित्र काढण्यास सरसकट बंदी नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी माणसाचे खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेही खरे आहे. ही दोन टोके कोठे जुळतात ते वकिलांनी पाहावे. आपला प्रश्न निराळा आहे. कायद्याने जे करता येते ते सगळे माळकऱ्याने करावे काय?

याहून अवघड आक्षेप पुतण्याने शेवटी काढला, आणि तो आम्हांस अजून पुरता सुटलेला नाही. तो म्हणाला, “काका, तुकोबा दुकान चालवत होते ना? देहूच्या बाजारात बसलेल्या तुकोबांचा कुणी न विचारता एक फोटो काढला असता, तर आज तुम्ही त्याला नावं ठेवली असती?”

वाचकहो, काय सांगावे! छायाचित्राची विद्या जगापुढे आली १८३९ साली, तुकोबा सतराव्या शतकातले. त्यांचे प्रत्यक्ष पाहून केलेले, खात्री देता येईल असे एकही चित्र आपल्यापाशी नाही. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ बोलपट आला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा असंख्य लोकांच्या मनात तुकोबांचा चेहरा होऊन बसला; इतकी आपली भूक मोठी. वाण्याच्या दुकानात, तागडी हाती घेतलेले खरे तुकोबा दाखविणारा तुकडाभर कागद जर कोठे असता, तर तो घेणाऱ्याने परवानगी विचारली होती काय, हे आम्ही विचारले नसते. कपाळाला लावला असता. हे आम्ही कबूल करतो.

पण मग दुसरी एक गोष्ट आठवते. दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. दुसऱ्यांची नावे ज्यांत अडकली होती ते कागद त्यांच्या हाती होते, कायद्याने त्यांचेच होते, आणि त्यांनी ते हाती ठेवले नाहीत. ज्याच्यापाशी दुसऱ्याचा चेहरा आहे, त्याच्यापाशीही एक प्रकारचे खतच असते. ते केव्हा, कोठे, कशासाठी काढावे, हे तोच ठरवितो. चेहरा ज्याचा, त्यास पत्ताही नसतो.

आणि नावाची गोष्ट. आमची खरी चूक कदाचित येथेच आहे. आम्ही तिला ‘माउली’ म्हटले. वारीत आपण सर्वांस माउली म्हणतो, पोलिसास म्हणतो, पाण्याच्या टँकरवाल्यास म्हणतो, आणि त्यात गोडी आहे. पण त्या मुखपृष्ठावर माउली हा शब्द आम्ही लिहिला तो गोडीने नव्हे. तिचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते म्हणून लिहिला. नाव विचारण्याचे कष्ट त्या शब्दाने वाचले. आपल्या संतांकडे पाहा. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. पंढरीची संतमंडळी म्हणजे अर्धा बाजारच होय. पण प्रत्येकाच्या धंद्याआधी त्याचे नाव उभे आहे. नुसता ‘मडकी करणारा माउली’ म्हणून कोणी गोरोबांस ओळखीत नाही.

नावावाचून धंदा आणि जात तेवढी लिहून माणसांची चित्रे जमविण्याची रीत आपल्याकडे साहेबाने घातली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने या देशातील लोकांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह करविला; ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने त्याचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत बहुतेक ठिकाणी माणसाऐवजी जमातीचे वा जातीचे नाव आहे. त्याच सुमारास मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने येथील निरनिराळ्या जातींची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांतली पुष्कळ अशी की माणसे एकीकडे टिपलेली आणि त्यांच्या मागचा देखावा दुसरीकडचा आणून जोडलेला. राज्य करणाऱ्यास प्रजेची मोजदाद हवी होती, त्याचे आश्चर्य नाही. पण भेदाभेद अमंगळ मानणारे आपण, आपल्याच अंकात तीच रीत ‘माउली’ या गोड शब्दाखाली चालविली, याची आम्हांस लाज वाटते.

तिकडे अमेरिकेतही असेच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९३६ साली डोरोथिया लँग या बाईंनी कॅलिफोर्नियात शेतमजुरीस आलेल्या एका मातेचे मुलांसह छायाचित्र घेतले. दारिद्र्याचे चित्र म्हणून ते जगभर गेले. लँगबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले की मी तिचे नाव विचारले नाही. ते नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांस कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. आणि त्या छायाचित्राने आपल्यास काहीच लाभ झाला नाही, अशी तिची खंत होती. लँगबाई हृदयशून्य होत्या असे नव्हे. त्या चित्रामुळे भुकेल्या मजुरांकडे लोकांचे लक्ष गेले, हेही खरे. चांगल्या हेतूने नाव विसरले जाते, एवढेच.

विचारले म्हणजे झाले, असेही आता आम्हांस वाटत नाही. पूर्वी “काढ बाबा” म्हटले तर ते चित्र फार तर कोणाच्या भिंतीवर गेले असते. आज पोराने खिशातून फोन काढला आणि आजी “काढ” म्हणाली, तर तिने काय दिले? पोराला आपला चेहरा दिला. त्याच्या फोनवरून पुढे जाणाऱ्या हजारांना दिला नाही. ते हजार तिला दिसतच नाहीत. पोरालाही दिसत नाहीत. पैशाचे म्हणाल, तर कोणी दुकानदाराने फोटोचे पैसे मागितले म्हणून नाक मुरडणारे आम्ही पाहिले आहेत. त्यात आम्हांस गैर दिसत नाही. वारीच्या दिवसांत त्याची घटका मोलाची असते.

आजीची हकिकत पुरी करावयाची राहिली. आम्ही तिला म्हटले, पुढच्या अंकात खुलासा छापतो, की ही पाण्यातच दोरा भिजविते. ती हात झाडून म्हणाली, “आता आनिक छापू नगा.” मग थोड्या वेळाने, जरा लाजत, “पर एक फोटू मला काढून द्या. मी सांगते तसा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या गेला. ती धुवट लुगडे नेसून बसली होती, डोक्यावरून पदर, कपाळी बुक्का. माळा लांबीप्रमाणे ओळीने टांगल्या होत्या. पाण्याची वाटी, घासून लख्ख केलेली, पुढे अगदी मध्यावर ठेवली होती. शेजारच्या बुक्केवालीला तिने बळेच बाजूला बसविले. दोघी समोर पाहत बसल्या, पापणी न हलविता. पुतण्याने दोन प्रती करून आणून दिल्या आणि वाटेत आम्हांस म्हणाला, “काका, यात काहीच नाही हो.” आम्हांसही तसेच वाटले. तिने मात्र ते कितीतरी वेळ न्याहाळले, वाटीवरून बोट फिरविले, आणि एक प्रत माळांच्या दोरीला चिमट्याने अडकविली. त्या दिवशी आम्ही तिचे नाव विचारले आणि तिने सांगितले. येथे ते लिहीत नाही. छापू नका, हे तिचे म्हणणे नावासही लागू आहे असे आम्ही समजतो.

कार्तिकीच्या त्या अंकाच्या शिल्लक प्रती आमच्या घरी माळ्यावर आहेत. वाटवत नाहीत, रद्दीत घालवत नाहीत. पुतण्याने आपल्याकडचे मूळ छायाचित्र पुसून टाकले. गेल्या आषाढीस, एकादशीच्या पहाटे, आमच्या फोनवर दूरच्या गावच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून शुभेच्छा आल्या. उघडून पाहतो तो तेच चित्र. दोरा ओठांत, नजर मण्यावर. खाली आमचेच शब्द, ‘माळ ओवणारी माउली’, आणि त्याखाली ‘राम कृष्ण हरी’. स्नान व्हावयाचे होते, दिंडी निघण्याची गडबड होती. आम्ही सवयीने ‘राम कृष्ण हरी’ असे उत्तर पाठविले आणि फोन ठेवून दिला. त्या गृहस्थांस अजून काही कळविलेले नाही.